चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) चूल आणि भाण नीट करायची आहे. अवजारे कोणती घ्यावीत, निगा कशी राखावी?

सावईवेऱ्याचा कुळागरकर:

नमस्कार मंडळी. आमचे घर गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला, कुळागराच्या म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या काठाला. एकतीस वर्षे पणजीत नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावच्या घरी राहायला आलो. रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो, पण घरात दोन ठिकाणी अजून विस्तव पेटतो. एक न्हाणीतल्या तांब्याच्या भाणीखाली, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली, रोज पहाटे. दुसरा मागच्या स्वयंपाकघरातल्या चुलीत, म्हणजे सणासुदीला आणि चवथीचे पाच दिवस तर दिवसभर. त्या दिवसांत आमच्याकडे पाच बिऱ्हाडे एकत्र येतात. चाळीस पाने उठतात. खतखत्याचे मोठे टोप, पातोळ्यांचे मोदकपात्र, उकड्या तांदळाचा भात, हे सगळे चुलीवर. चूल सांभाळते मोठी काकी. ती ७४ वर्षांची आहे आणि दुसऱ्या कुणाला चुलीपुढे बसू देत नाही.

मला हे सगळे यंदा मनापासून नीट करायचे आहे, कारण गेल्या चवथीला काकीचा खोकला मी पाच दिवस ऐकला. रात्री ती माजघरात झोपायची आणि मी बाहेर सोप्यावर जागा असायचो.

आता अडचणी सांगतो. चूल दोन तोंडांची आहे, बाजूला वैल. पूर्वी ती मातीची होती. चार वर्षांपूर्वी एका गवंड्याने सांगितले की सिमेंटचा गिलावा करू, मग सारवायची कटकट नाही. पहिल्याच चवथीत आतून भेगा पडल्या, दुसऱ्या वर्षी पापुद्रे निघून भातात खडे आले. धूर बाहेर जायला कौलांत एक काचेचे कौल आणि त्याच्याशेजारी अर्धवट उचललेले एक कौल, एवढेच. पावसात ते उचललेले कौलही खाली करावे लागते.

अवजारांचे म्हणाल तर एक जुना चिमटा आहे, त्याची दोन पाती एकमेकांना भेटत नाहीत. एक बांबूची फुंकणी आहे, टोकाला जळून वीतभर उरलेली. मुलाने कौतुकाने ऑनलाइन एक संच मागवून दिला: उभ्या स्टँडला अडकवलेली सळई, पकड, फावडे आणि ब्रश, पितळी मुठी. परदेशातल्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीतल्या शेकोटीसाठी तो केलेला असतो. दिसायला देखणा आहे. पण पकडीत आमची चिरलेली बारीक लाकडे धरत नाहीत, मुठीचे स्क्रू आठवड्यात सैल झाले आणि ब्रशचे केस गरम राखेला लागताच वितळले.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती अजून मनातून जात नाही. गेल्या डिसेंबरात भाणीखालची राख मी आदल्या दिवसाची म्हणून प्लास्टिकच्या बादलीत भरली आणि गोठ्यामागे, नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी ओतली. हाताला थंड लागली होती. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या वहिनींनी हाक मारली तेव्हा ढीग पेटला होता. विहीर जवळ होती म्हणून गोठा वाचला.

तर विचारायचे असे: धुराडे घालावे का, आणि कसे? चुलीला आतून काय लावावे? अवजारे विकत घ्यावीत की करून घ्यावीत? पाऊस सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत.

भट्टीवाला, डिचोली:

कुळागरकर, मी आयुष्यभर लोखंड आणि भट्ट्या यांच्याच कामात होतो, म्हणून तुमच्या सिमेंटपासून सुरुवात करतो. सिमेंटला जो घट्टपणा येतो तो त्याने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढेच ते पाणी सुटू लागते आणि ३०० च्या पुढे गिलावा कमजोर होत जातो. ४०० च्या वर गेल्यावर आतला चुना सुटा होतो. मग चूल गार झाली की तोच चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि गिलावा आतून फोडतो. निखारे तर सहाशे-सातशेच्या वर सहज जातात. म्हणजे गवंड्याचा हात वाईट नव्हता, मालच त्या जागेचा नव्हता. सगळे सिमेंट छिनीने उतरवा, वर दुसरा थर देऊ नका.

आत दोन पर्याय. एक, भट्टीच्या विटा आणि त्यांना जोडायला भट्टीचीच माती. विटा महाग पडतात, पण तोंडाच्या आतल्या तीन बाजूंना लावल्या तर थोड्याच लागतात. दुसरा, आपली जुनी रीत: वारुळाची माती चाळून, त्यात बारीक वाळू, भाताचे तूस आणि शेण. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते, वाळू आणि तूस ते आवरतात. कालवून एक रात्र झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पायाने मळा. बोटभर जाडीचे थर, एक सुकल्यावर दुसरा. पुरे झाल्यावर आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या आणि पहिले तीन-चार दिवस नुसत्या चुडताचा (माडाच्या सुक्या झावळीचा) छोटा जाळ करा. ओल्या चुलीत एकदम मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते. बहुतेकांचे इथेच चुकते, घाई होते.

आता धूर. लाकूड चुलीच्या तळाशी राखेत लोळत असेल तर त्याला खालून हवा मिळत नाही, आणि हवा नाही म्हणून धूर. तळापासून दोन-अडीच इंच वर बिडाची जाळी ठेवा. धुराड्याच्या आधी ही जाळी करा, कारण खर्च थोडा आणि फरक त्याच दिवशी दिसतो. बारीक सळ्यांची वेल्ड केलेली जाळी घेऊ नका, एका मोसमात वाकते. भांड्याचा बूड आणि जाळी यांत चार-पाच इंच अंतर हवे. भांडे फार खाली बसले की ज्वाळेला जळायला जागा उरत नाही आणि काजळी धरते.

धुराडे जरूर घाला. घरगुती सुधारित चुलींना साधारण चार इंची नळी लावतात. तुमची चूल मोठी, चाळीस पानांची, तेव्हा सहा इंची विचारात घ्या. सिमेंटच्या पत्र्याचे जुने पाइप स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असते. जस्त चढवलेला पाइपही चुलीला लागून नको, जस्त ४२० अंशांना वितळते आणि त्याचा धूर छातीला वाईट. चुलीजवळचे पहिले दोन-तीन फूट साध्या लोखंडाची जाड नळी किंवा विटांचे बांधकाम, पुढे स्टेनलेस. तुम्ही आत राहता, तुम्हाला ३०४ जातीचे स्टील चालेल. मोरजी-कळंगुटच्या किनाऱ्यावर खारा वारा असतो, तिथल्या लोकांनी ३१६ घ्यावे.

एकेरी नळी लाकडी वाशांपासून दीड फूट लांब ठेवा. ती जिथे छपरातून बाहेर पडते तिथपासून निदान तीन फूट वर जाऊ द्या, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याहून दोन फूट उंच. नाहीतर वारा छपरावर आपटून धूर उलटा घरात ढकलतो. वर टोपी लागतेच, पण टोपी आणि नळीचे तोंड यांत नळीच्या व्यासाएवढी फट ठेवा. मंगळुरी कौलांतून नळी काढताना भोवती पत्र्याची कॉलर नीट बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी थेट चुलीत येईल.

पेडण्याची माहेरवाशीण:

धुराडे घालताना एक गोष्ट ध्यानात घ्या, दादा. माझ्या माहेरी ते घातले तेव्हा आम्हा सगळ्यांना फार बरे वाटले, भिंती पांढऱ्या राहू लागल्या. पण आमच्या चुलीवरच्या माळ्यावर आई सोले (कोकमाची वाळवलेली साले) ठेवायची, बियाण्याची कणसे टांगायची, चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीवर फळे-भाज्या टांगतात ती चौकट) जुनी तवशी (काकड्या) ठेवायची. धुराने त्यांना कीड लागत नव्हती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर वाशांना वाळवी दिसली आणि बियाण्याला भुंगा. शंभर वर्षे त्या लाकडाला धूर जपत होता, आणि आम्ही तो एका दिवसात बंद केला. माणसाची छाती आधी, यात मला शंका नाही. पण धुराडे घातल्यावर वाशांची काळजी आता तुम्हाला हाताने घ्यावी लागणार, एवढे आधीच ठरवा. आम्ही दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावतो. हातमोजे घालून, कारण त्या तेलाने कातडीला फोड येतात. सोले आता उन्हातच पुरी वाळवतो आणि बियाणे राखेत कालवून डब्यात.

त्यावरूनच सांगते, काजूची टरफले चुलीत कधी घालू नका. ती तेलकट म्हणून झरझर पेटतात, पण तो धूर डोळे आणि घसा जाळतो. कण्हेरीच्या फांद्याही नकोत, तिचा धूर विषारी. बिब्ब्याचे लाकूड नको. प्लायवूड, रंगवलेली चौकट, फळ्या, काहीच नको.

अवजारांत माझी एकच शिफारस: चिमटा दोन ठेवा. भाकरीचा निखारे उचलायला घेतला की भाकरीला राख लागते आणि निखाऱ्यांचा भाकरीला वापरला की आमच्याकडच्या काकी रागावायच्या. हे आमच्या घरचे रोजचे भांडण होते.

वाळपईचा:

लाकडाबद्दल लिहितो, कारण धुराचा निम्मा दोष ओल्या लाकडाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यावे लागते. नाहीतर तुमचा जाळ आधी पाणी उकळवण्यात खर्च होतो आणि गार धूर नळीत चिकटून डांबरासारखा थर धरतो. तोच थर पुढे पेटतो.

ओळखायचे कसे? एक ओंडका निवडा, वजन करून त्याच्यावर खडूने लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा करा. वजन घटायचे थांबले की लाकूड सुकले. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुके असेल तर ठणठणते, ओले असेल तर धप्प वाजते. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतच फोडून ठेवतात. तुम्हाला उशीर झालाय, पण एप्रिल-मेच्या उन्हात बारीक फोडलेले सुकेल, ओंडके सुकणार नाहीत. चिऱ्यांवर फळ्या टाकून जमिनीपासून वर रचा, साल वरच्या बाजूला, आणि ताडपत्री नुसती डोक्यावर टाका. चारी बाजूंनी गुंडाळली की आत घाम सुटतो आणि बुरशी येते.

जातींत सुरूचे लाकूड उत्तम, जड आणि निखारा टिकतो. खाणपट्ट्यात लावलेली अकेशियाही चांगली जळते. आंबा पटकन जळून जातो, पेटवायला ठीक. पोफळीचे खोड भसभस पेटते आणि संपते. नारळाच्या करट्या आणि सोडणे तुमच्याकडे भरपूर असतीलच, भाणीखाली तीच वापरा, लाकूड चुलीसाठी राखा. आणि कुळागरातले वाळलेले झाड असले तरी तोडण्याआधी वनखात्यात विचारा, १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा खाजगी जमिनीलाही लागतो.

फोंड्याची परिचारिका:

चुलीबद्दल वर सगळे जाणते बोलले. मी फक्त माणसांबद्दल लिहिते. सर्वांत आधी तुमची न्हाणी. तिथे खिडकी आहे का, आणि ती थंडीत बंद करता का? भाणीखाली निखारे असताना दार-खिडकी लावून कुणी आंघोळ करू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना रंग ना वास. डोके दुखते, गरगरते, आणि माणूस तिथेच बसून राहतो. जाळ बाहेरच्या तोंडातून घातला जातो अशी न्हाणी असली तरी वरची झडप उघडी ठेवा.

फुंकणीने फुंकताना तोंड बाजूला घेऊन मग श्वास घ्यायचा, हे घरातल्या लहानांना शिकवा. आत ओढला तर गरम राख घशात जाते. भांडी उतरवायला ओले फडके घेऊ नका, ओल्यातून उष्णता पटकन हाताला येते आणि वाफेने भाजते. वेल्डिंगवाले घालतात ते चामड्याचे हातमोजे घ्या. चुलीपुढे सुती साडी. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही.

काकींचा खोकला फक्त धुराचा आहे असे घरी ठरवू नका. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला डॉक्टरला दाखवायचा. कृपया चवथीची वाट पाहू नका.

सावईवेऱ्याचा कुळागरकर:

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, मध्ये काम सुरू होते.

फोंड्याच्या ताई, तुमचे उत्तर वाचून दुसऱ्याच दिवशी काकीला घेऊन गेलो. क्ष-किरण, थुंकीची तपासणी सगळे झाले. क्षय नाही. डॉक्टरांनी छातीत जुना धूर बसला आहे असे सांगितले, ओढायचे औषध दिले आणि धुरापासून लांब राहायला सांगितले. काकी म्हणाली, लांब कशी राहू, चवथ आलीये. न्हाणीची खिडकी खिळे मारून बंद केलेली होती, माझ्याच लहानपणी, मांजर येते म्हणून. ती उघडली.

सिमेंट उतरवायला दोन दिवस लागले. आत जुनी मातीची चूल अजून शाबूत होती, नुसती वर झाकली होती. वारुळाची माती कुळागराच्या वरच्या बाजूला मिळाली, रिकाम्या वारुळाची. काकीने मळताना तीनदा नापसंत केली, तूस कमी आहे म्हणून. आतून भट्टीच्या विटा फक्त मोठ्या तोंडाला लावल्या. बिडाची जाळी बसवली आणि भट्टीवाले म्हणाले ते खरे, धुराडे चढायच्या आधीच डोळ्यांतले पाणी थांबले. धुराडे सहा इंची घेतले. पहिल्या दिवशी मात्र सगळा धूर उलटा आत आला. मग गवंड्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या कामगाराने नळीच्या तळाच्या दारातून एक जळते चुडत आत धरले, नळी आतून तापली आणि लगेच ओढ लागली. आता रोज तसेच करतो.

माहेरवाशीण ताई, वाशांना तेल या मे महिन्यातच लावून घेतले. काकीची सोले आणि तवश्यांसाठी गोठ्याच्या कडेला छोटी खोप केली आहे. भाणीखालची करटी पेटवताना सुरुवातीला जो धूर होतो तो नळीने तिकडे नेला.

राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा घेतला, तो चिऱ्यावर उघड्या अंगणात असतो. त्यात चार दिवस ठेवल्याशिवाय राख कुठेही जात नाही. नंतर थोडी माडांच्या मुळांत, थोडी चिंचेबरोबर भाण घासायला.

अवजारे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघितली, पण शेवटी लोहाराकडून करून घेतली. सळई बारा मिलिमीटरची, टोकाला आकडा, तो लाकूड पुढे ढकलायला आणि मागे ओढायलाही येतो. राख ओढायला आखूड दांड्याचे पावडे, चुलीच्या तोंडात मावेल एवढ्या रुंदीचे. फुंकणी अर्ध्या इंची लोखंडी नळीची, विस्तवाकडचे टोक ठोकून थोडे अरुंद केलेले, त्यामुळे फुंकर लांब जाते. ब्रशऐवजी माडाच्या हिरांचा खराटा. लोखंड अजून कोमट असतानाच खोबरेल चोळून ठेवतो, गंज दिसलेला नाही.

धुराडे आतून केव्हा साफ करायचे ते कुणी सांगाल का? आणि चिमट्याची एक अडचण उरली आहे, ती खाली लिहितो.

भट्टीवाला, डिचोली:

वर्षातून एकदा, मे अखेरीस, पाऊस यायच्या आधी. चवथीनंतर एकदा नुसते डोकवा. आतला थर तीन मिलिमीटर जाड झाला की महिना कोणताही असो, साफ करा. तारेचा गोल ब्रश नळीच्या मापाचा हवा, दोरीला वजन बांधून वरून खाली सोडायचा. खालचे दार बंद ठेवा आणि स्वयंपाकघरातले डबे झाका, काजळी सगळीकडे बसते. तोंडाला कापड बांधा. टोपीखाली पक्ष्याचे घरटे झाले आहे का तेही तेव्हाच बघा. टोपीच्या फटीला तारेची जाळी लावली असेल तर ती घट्ट विणीची नको, काजळीने बुजते.

चिमट्याचे काय झाले?

सावईवेऱ्याचा कुळागरकर:

मी लोहाराला वीस इंची सांगितला होता, हात विस्तवापासून लांब राहावा म्हणून. काकीने दोन दिवस वापरला आणि भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाली, जड होतो, आणि ती मणयावर (बुटक्या पाटावर) बसते तेव्हा कोपर मागच्या भिंतीला लागतो. मी बसून बघितले तर खरेच लागतो. भिंत आणि चूल यांत जेमतेम अडीच फूट जागा आहे, मी उभा राहून माप घेतले होते. आज तिला मणयावर बसवून, हातात काठी देऊन, निखाऱ्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजले. सोळा इंच भरले. पाती पातळ हवीत आणि टोके चपटी, म्हणजे लहान निखाराही सुटत नाही, असे तिने स्वतः कोळशाने जमिनीवर काढून दाखवले. दोरी खिशात आहे, उद्या सकाळी लोहाराकडे जातो. माहेरवाशीण ताई, दुसरा चिमटा भाकरीसाठी, तोही सांगतो आहे.